फॉर्ममधून आलेलं शून्य हे पण उत्तरच असतं

पीएचपीमधे, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या वेबसाइटच्या भाषेत, फॉर्मचा डेटा घ्यायचा म्हटला की आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी ओळ म्हणजे इफ नॉट एम्प्टी डॉलर-पोस्ट अमुकतमुक (डॉलर-पोस्ट म्हणजे फॉर्ममधून आलेला सगळा डेटा, एम्प्टी म्हणजे ‘रिकामं आहे का’), आणि झालं, फील्ड चेक झालं असं धरून पुढचा कोड चालू. मी जळगाव-भुसावळ भागातल्या छोट्या साइट्सची कामं करतो, केळीच्या कापणीचं बुकिंग, जिनिंगवरच्या गाड्यांची नोंद, पतसंस्थेचे अर्ज, शाळेचं ॲडमिशन, असली कामं, आणि दुसऱ्याने लिहिलेला कोड दुरुस्तीला आला की ही ओळ हमखास भेटते. वाचायला सोपी आहे, लहान आहे, म्हणून सगळे तीच उचलतात. पण ती चुकीचा प्रश्न विचारते, आणि हे मला मनापासून खुपतं म्हणून आज सविस्तर लिहितोय. कोड जसाच्या तसा टाकत नाही, आपण फोनवर एकमेकांना सांगतो तसा बोलून सांगतो, ज्याला पीएचपी येतं त्याला बरोबर कळेल.

एम्प्टीला काय काय रिकामं वाटतं ते आधी बघा. व्हेरिएबल आलंच नाही तर रिकामं, नल (किंमतच नाही) असेल तर रिकामं, कोरी स्ट्रिंग (मजकूर) रिकामी, रिकामा ॲरे (यादी) रिकामा, फॉल्स (‘नाही’) रिकामं, इथपर्यंत ठीक आहे. पण आकडा शून्य पण रिकामा आणि स्ट्रिंगमधलं ‘०’ पण रिकामं. आणि फॉर्ममधून जे येतं ते सगळं स्ट्रिंगच असतं, म्हणजे माणसाने स्वतःच्या हाताने शून्य टाइप केलं तरी एम्प्टी म्हणणार काहीच भरलं नाही. गंमत म्हणजे ‘०.०’ टाकलं तर ते रिकामं नाही, आणि नुसती एक स्पेस दिली तर ती पण रिकामी नाही. म्हणजे नावाच्या जागी स्पेसबार दाबून पुढे जाता येतं पण खरं शून्य भरणारा अडकतो.

एका पतसंस्थेच्या कर्ज अर्जात मी हे बघितलंय. फील्ड होतं ‘आधीची थकबाकी’. ज्याच्याकडे काहीच बाकी नाही तो शेतकरी शून्य टाकायचा आणि फॉर्म लाल अक्षरात म्हणायचा ‘थकबाकी भरा’. परत शून्य, परत तेच. मग काउंटरवरचा मुलगा सांगायचा, काका १ टाका म्हणजे पुढे जाईल. आणि तो १ डेटाबेसमधे जाऊन बसायचा, ज्या माणसाने आयुष्यात एक हप्ता चुकवला नाही त्याच्या नावापुढे एक रुपया थकबाकी, आणि थकबाकीदारांची यादी काढली की हा त्यात. इथे हॅकर नाही, सर्व्हर पडला नाही, लॉगमधे एक एरर नाही. फक्त एका माणसाबद्दल खोटी माहिती साठवली गेली, आणि ती आपल्या कोडने भरायला लावली. म्हणून मी याला छोटी गोष्ट म्हणत नाही.

आता काही जण म्हणतात मग इसेट वापरा. इसेट फक्त एवढंच सांगतं की ही की, म्हणजे फील्डचं नाव, आली आहे आणि तिची किंमत नल नाही. टेक्स्टबॉक्स कोरा सोडला तरी तो कोरी स्ट्रिंग म्हणून येतोच, म्हणजे इसेट ट्रूच देणार. उलट चेकबॉक्सला टिक केली नाही तर ब्राउझर त्याचं नावच पाठवत नाही, तिथे न येणं हेच ‘नाही’ असं उत्तर असतं. डिसेबल्ड केलेलं फील्ड पण येत नाही, रीडओन्ली केलेलं मात्र येतं, हा फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो आणि मग ‘फील्ड दिसतंय तर खरं पण सर्व्हरला येत का नाही’ म्हणून तास जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक फील्डला चार वेगवेगळे प्रश्न असतात आणि ते वेगवेगळेच विचारायचे. आलं का. जे आलं ते स्ट्रिंग आहे का. कोरं आहे का. आणि आमच्या नियमात बसतं का. जिनिंगवर कापसाची गाडी गेली की आधी गेटवर नोंद होते, मग माल बघतात, मग ओलावा, मग काटा, कोणी एकाच नजरेत चारही उरकत नाही कारण प्रत्येक ठिकाणी ‘नाही’ म्हणण्याचं कारण वेगळं असतं आणि ते गाडीवाल्याला सांगावं लागतं. एम्प्टी पहिला आणि तिसरा प्रश्न एकत्र करतं, वर शून्याचा घोळ घालतं, आणि दुसऱ्या प्रश्नाकडे तर बघतच नाही.

तो दुसरा प्रश्न बहुतेक कोडमधे नसतोच. लोक म्हणतात फॉर्ममधून स्ट्रिंगच येणार ना. येणार, पण फील्डच्या नावापुढे चौकोनी कंस लावून पाठवलं की पीएचपी त्याचा ॲरे करून डॉलर-पोस्टमधे ठेवतं. ब्राउझरच्या इन्स्पेक्टमधे जाऊन इनपुटच्या नावापुढे कंस लावायला कोणालाही पाच सेकंद लागतात. मग तुमच्या ट्रिमला, म्हणजे मजकुराच्या दोन्ही टोकांच्या स्पेस काढणाऱ्या फंक्शनला, स्ट्रिंगऐवजी ॲरे मिळतो, पीएचपी ७ मधे वॉर्निंग यायची आणि नल परत यायचं, पीएचपी ८ मधे सरळ टाइप-एरर येऊन पान तिथेच थांबतं, आणि एरर दाखवणं चालू राहिलं असेल तर फाइलचा पूर्ण पाथ समोरच्याला दिसतो. म्हणून ट्रिमच्या आधी इझ-स्ट्रिंग, म्हणजे ‘स्ट्रिंग आहे का’ ही तपासणी. एवढं एक तपासलं की बराच कचरा दारातच थांबतो.

मग हे सगळं प्रत्येक फील्डला लिहायचं का, कोड लांबेल ना. नाही लांबत. एक छोटं फंक्शन करायचं, मी त्याला ‘मजकूर घे’ अशा अर्थाचं नाव देतो, त्याला ॲरे आणि फील्डचं नाव द्यायचं, आत दोन प्रश्नचिन्हांचं ऑपरेटर वापरायचं म्हणजे की नसेल तर नल, मग स्ट्रिंग नसेल तर नल परत द्यायचा, आणि स्ट्रिंग असेल तर ट्रिम करून परत द्यायची. बस. आता नल म्हणजे आलंच नाही किंवा वेड्यावाकड्या रूपात आलं, कोरी स्ट्रिंग म्हणजे माणसाने रिकामं सोडलं, आणि बाकी काहीही म्हणजे त्याने काहीतरी भरलंय, मग ते शून्य का असेना. कोरं आहे का ते तीन बरोबरची चिन्हं लावून (म्हणजे प्रकारासकट तंतोतंत तुलना करून) कोऱ्या स्ट्रिंगशी बघायचं. दोन प्रश्नचिन्हांचं हे ऑपरेटर पीएचपी ७ मधे आलं, २०१५ च्या शेवटी, त्याआधी इसेट लिहून परत तेच नाव टर्नरीत (एका ओळीतल्या इफ-एल्समधे) लिहायला लागायचं, आणि त्या कंटाळ्याने लोक पुढे ॲटचं चिन्ह लावून नोटीस दाबायचे. ती सवय अजून बऱ्याच कोडमधे आहे. ॲट लावून आवाज बंद होतो, फील्ड काही येत नाही. पीएचपी ८ पासून नसलेली की वाचली तर नुसती नोटीस नाही, वॉर्निंग येते, तेव्हा होस्टिंगवाल्याने व्हर्जन वाढवलं की जुन्या साइट अचानक पानभर वॉर्निंग दाखवायला लागल्या त्याचं हेच कारण.

ट्रिमचं एक राहिलं. साधं ट्रिम नेहमीच्या स्पेस, टॅब, नवी ओळ असल्या गोष्टी काढतं, पण व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून कॉपी केलेल्या मजकुरात कधीकधी न तुटणारी स्पेस असते ती तशीच राहते. पीएचपी ८.४ मधे एमबी-ट्रिम आलंय, ते या स्पेस पण ओळखतं.

आता आकड्यांकडे येतो, कारण आपल्याकडची खरी गंमत तिथे आहे आणि इंग्रजी ट्युटोरियलमधे ती कधीच सापडत नाही. केळीच्या बुकिंगच्या फॉर्ममधे एक फील्ड असतं, खोडं किती. रावेर-यावलकडचा शेतकरी मोबाईलवर मराठी कीबोर्ड लावून भरतो, त्यात आकडे देवनागरी उमटतात. सर्व्हरवर कोणीतरी रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराचा साचा तपासणारा नियम, लावलंय, बॅकस्लॅश-डी म्हणजे आकडा, आणि मराठी चालावं म्हणून शेवटी यू मॉडिफायर लावलाय. पीएचपीमधे यू लावला की बॅकस्लॅश-डी ला देवनागरी आकडे पण आकडेच वाटतात, म्हणजे ‘५०००’ पास. पुढच्या ओळीत इंटमधे कास्ट केलं, म्हणजे मजकुराचा पूर्णांक केला. इंटच्या कास्टला फक्त इंग्रजी आकडे कळतात, त्यामुळे हातात शून्य. तपासणीने हो म्हटलं आणि साठवताना शून्य गेलं, आता कापणीला टोळी किती माणसांची पाठवायची ते कोणाला कळणार नाही.

दुसरा प्रकार स्वल्पविरामाचा. माणूस ‘१,२००’ लिहितो, इंग्रजी आकड्यात पण स्वल्पविरामासकट. त्याला इंटमधे कास्ट केलं की उत्तर १, कारण पीएचपी पहिल्या न कळणाऱ्या अक्षरापाशी थांबतं. बाराशे खोडांची बाग एका खोडाची झाली. तसंच ‘१२ एकर’ लिहिलं की १२ येतं, ते योगायोगाने बरोबर, पण एकरच्या जागी त्याने हेक्टर लिहिलं असतं तरी १२च आलं असतं.

म्हणून कास्ट करून तपासायचं नाही, तपासून मग कास्ट करायचं. आधी देवनागरी आकडे इंग्रजीत बदलायचे, दहा आकड्यांचा एक तक्ता आणि एसटीआर-टीआर (अक्षराच्या जागी अक्षर घालणारं फंक्शन), एवढंच काम आहे. मग स्वल्पविराम आणि मधल्या स्पेस काढायच्या. मग फिल्टर-व्हार हे तपासणीचं फंक्शन, त्यात इंट व्हॅलिडेट करणारा फिल्टर, आणि त्याला किमान-कमाल मर्यादा द्यायची, म्हणजे उणे पाच खोडं किंवा दहा कोटी खोडं तिथेच अडतील. पण इथे परत शून्य आडवं येतं बघा. फिल्टर-व्हारला शून्य दिलं तर ते शून्य परत देतं, आणि लोक इफ नॉट फिल्टर-व्हार असं लिहितात, शून्य फॉल्ससारखं वागतं, परत तोच पतसंस्थेवाला प्रकार. उत्तर फॉल्सच आहे का ते तीन बरोबर लावूनच बघायचं. आणि हा फिल्टर पुढे शून्य लावलेला आकडा घेत नाही, ‘०५’ ला तो नाही म्हणतो, त्यामुळे तारखेचा दिवस वेगळ्या बॉक्समधे घेत असाल तर तेवढं लक्षात ठेवा.

मोबाईल नंबर आणि पिनकोड हे आकडे नाहीत, आकड्यांनी लिहिलेला मजकूर आहे, त्यांना इंट करायचंच नाही. मोबाईलला सुरुवातीचं अधिक ९१ आणि स्पेस काढून दहा आकडे आणि पहिला ६ ते ९ मधला, पिनकोडला सहा आकडे आणि पहिला शून्य नाही, आयएफएससीला अकरा अक्षरं आणि पाचवं कायम शून्य. लोक ते पाचवं शून्य इंग्रजी ओ समजून टाइप करतात, तर त्यांना ‘चुकीचा कोड’ एवढंच सांगण्यापेक्षा ‘पाचवं अक्षर शून्य असतं, ओ नाही’ असं सांगा की, बँकेत एक हेलपाटा वाचतो.

तारखेत अजून एक सापळा आहे. मजकुरातून तारीख बनवणाऱ्या क्रिएट-फ्रॉम-फॉरमॅटला ३१ फेब्रुवारी दिली तर ते तक्रार करत नाही, गुपचूप मार्चमधली तारीख करून देतं. चेक-डेट वापरा, किंवा बनलेली तारीख परत त्याच फॉरमॅटमधे छापून मूळ मजकुराशी जुळते का बघा.

नावांचं सांगतो. कोणीतरी नावाला ए टू झेडच चालेल असा नियम लावतो आणि मराठीत नाव लिहिणारा बाहेर. मग दुसरा सुधारणा करतो, युनिकोडचं (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या यादीतलं) अक्षर असं लिहितो, बॅकस्लॅश पी आणि एल. आता ‘कमल’ पास होते आणि ‘मनीषा’ होत नाही, कारण वेलांटी युनिकोडच्या हिशोबात अक्षर नाही, ते मार्क आहे, त्यासाठी पी-एम पण घ्यावं लागतं. एवढं करून मुक्ताईनगर तालुक्यातल्या कुऱ्ह्याचा माणूस गावाचं नाव लिहितो, आणि त्याच्या कीबोर्डने तो अर्धा र न दिसणाऱ्या जोडअक्षराच्या चिन्हाने केलेला असेल तर ते चिन्ह ना एल मधे ना एम मधे, परत नापास. माझं मत असं की नाव आणि गाव यांना अक्षरांचे नियम लावूच नका. कोरं नको, फार लांब नको, कंट्रोल कॅरेक्टर नकोत, यूटीएफ-८ (मजकूर बाइटमधे साठवायची पद्धत) बरोबर आहे का, बास. लांबी मोजताना पण साधं स्ट्रलेन बाइट मोजतं, देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, ‘जळगाव’ म्हणजे पंधरा. ‘नंदुरबार’ चोवीस. वीसची मर्यादा लावली की नंदुरबारचा माणूस स्वतःच्या गावाचं नाव लिहू शकत नाही. एमबी-स्ट्रलेन वापरा, ते पाच आणि आठ देतं.

तालुका वगैरे जिथे ड्रॉपडाउन आहे तिथे उलट एकदम कडक राहायचं. ड्रॉपडाउनमधे जळगाव जिल्ह्याचे १५, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६ तालुके दिले म्हणून त्यातलंच काहीतरी येईल असं नसतं, ती यादी ब्राउझरमधे आहे आणि ब्राउझर समोरच्याच्या हातात आहे. सर्व्हरवर तीच यादी एका ॲरेमधे ठेवा, ड्रॉपडाउन पण त्यातूनच छापा आणि आलेला कोड पण त्यातच आहे का बघा, म्हणजे दोन याद्या वेगवेगळ्या होत नाहीत. यादीत शोधणारं इन-ॲरे वापरलं तर तिसरा पॅरामीटर ट्रू द्या, म्हणजे तुलना तीन बरोबरवाली कडक होते. पीएचपी ८ च्या आधी आकडा शून्य आणि कुठलाही शब्द हे दोन बरोबरच्या तुलनेत सारखे ठरायचे, जुन्या सर्व्हरवर अजून तसंच होतं. आणि एचटीएमएलमधे रिक्वायर्ड, पॅटर्न, मॅक्स जे काही लावता ते लावा जरूर, भरणाऱ्याला लगेच कळतं, पण ती सोय आहे, तपासणी नाही, कर्लने (ब्राउझरशिवाय रिक्वेस्ट पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने) एक ओळ मारली की ते सगळं बाजूला राहतं.

फोटोचं एक खास सांगायचंय कारण हे शोधताना भले भले थकतात. फॉर्मला सातबाऱ्याचा फोटो जोडायचा आहे, आताच्या मोबाईलचे फोटो मोठे, दोन-तीन फोटो मिळून पोस्टच्या कमाल साइजच्या वर गेलं, पीएचपीची डिफॉल्ट ८ एमबी असते, तर पीएचपी फक्त फोटो टाकून देत नाही, डॉलर-पोस्ट आणि डॉलर-फाइल्स दोन्ही पूर्ण रिकामे देतं. नाव नाही, मोबाईल नाही, काहीच नाही. आणि तुमचा फॉर्म त्या बिचाऱ्याला सांगतो ‘कृपया सर्व माहिती भरा’, ज्याने सगळी माहिती भरलीय. तो परत सगळं भरतो, परत तेच फोटो, परत तेच उत्तर. म्हणून सगळ्यात वर एकदाच बघायचं, मेथड (फॉर्म पाठवायची पद्धत) पोस्ट आहे, डॉलर-पोस्ट रिकामं आहे, आणि कंटेंट-लेंग्थ (आलेल्या डेटाचा आकार) मात्र शून्यापेक्षा मोठी आहे, मल्टिपार्ट (फाइल जोडता येणारा) फॉर्म असेल तर समजायचं की फोटो जास्त मोठे झाले, आणि तसंच स्पष्ट सांगायचं. शाळेच्या हजेरीसारखा मोठा फॉर्म असेल तर याचा भाऊ भेटतो, एका रिक्वेस्टमधे डिफॉल्टने १००० इनपुट व्हेरिएबलच घेतली जातात, त्यापुढची कापली जातात आणि शेवटच्या वर्गातली पोरं गायब.

मेथडवरून आठवलं, फॉर्म आला का हे सबमिट बटणाच्या नावावरून बघू नका. धडगाव-अक्कलकुव्याकडे नेटवर्क धीमं, माणूस दोनदा बटण दाबतो, म्हणून आपणच सबमिट झाल्याबरोबर बटण डिसेबल करतो, आणि डिसेबल बटण सर्व्हरला जात नाही. जावास्क्रिप्टच्या सबमिटने पाठवलं तरी बटण जात नाही. रिक्वेस्ट-मेथड पोस्ट आहे का, एवढंच विचारा. डॉलर-रिक्वेस्ट पण टाळा, त्यात यूआरएलमधलं आणि फॉर्ममधलं एकत्र होतं.

आता वाचनीयतेचं. आठ इसेट अँडने जोडलेली एक लांब इफ, तिच्या आत दुसरी इफ, तिच्या आत तिसरी, आणि शेवटी पाच एल्स, कोणता एल्स कोणाचा ते लिहिणाऱ्यालाच आठवत नाही. भो, असा कोड सहा महिन्यांनी उघडून बघा. माझी पद्धत अशी की फाइलच्या सुरुवातीला सगळी फील्ड त्या ‘मजकूर घे’ फंक्शनने साध्या नावाच्या व्हेरिएबलमधे घ्यायची, एका खाली एक, आणि त्यानंतर डॉलर-पोस्टचं नाव त्या फाइलमधे परत दिसता कामा नये. मग एरर नावाचा एक रिकामा ॲरे, प्रत्येक फील्डची एक छोटी सपाट इफ, चुकलं तर त्या फील्डच्या नावाने ॲरेमधे एक मराठी वाक्य. सगळ्या इफ एकाच पातळीवर, आत घुसलेलं काही नाही. शेवटी ॲरे रिकामा असेल तर साठवा आणि रीडायरेक्ट करा, नाहीतर तोच फॉर्म, भरलेल्या मजकुरासकट, प्रत्येक चुकीचं वाक्य त्याच फील्डच्या खाली. एकावेळी एकच चूक दाखवून माणसाला पाच वेळा फिरवायचं नाही. नवीन पोरगा आला तरी हा कोड वरून खाली वाचत जातो आणि नवीन फील्ड कुठे टाकायचं ते विचारत नाही.

उलट एक्स्ट्रॅक्ट फंक्शनला डॉलर-पोस्ट देऊन सगळी व्हेरिएबल एका झटक्यात बनवणारे पण आहेत. पीएचपीमधे पूर्वी रजिस्टर-ग्लोबल्स नावाची सेटिंग होती, ती हेच आपोआप करायची, बाहेरचा माणूस यूआरएलमधे काहीही नाव टाकून तुमच्या कोडचं व्हेरिएबल आधीच भरून ठेवू शकायचा. २००२ मधे ४.२ व्हर्जनला ती डिफॉल्टने बंद केली, २०१२ मधे ५.४ ला काढूनच टाकली. जे भाषेने बाहेर काढलं ते आपण हाताने परत आत आणायचं कारण नाही.

आणि तपासलं म्हणजे सुरक्षित झालं असं पण नाही. नावात अपॉस्ट्रॉफी येऊ शकतो, पत्त्यात लहान-मोठ्याची चिन्हं येऊ शकतात, ती चूक नाही. डेटाबेसमधे जाताना पीडीओचं प्रिपेअर्ड स्टेटमेंट (त्यात मजकूर आज्ञेपासून वेगळा जातो), पानावर छापताना एचटीएमएल-स्पेशल-चार्स (असली चिन्हं निरुपद्रवी करणारं फंक्शन), ही दोन कामं त्या त्या जागीच करायची. फॉर्म आल्याआल्या मजकूर ‘साफ’ करून ठेवणारे पुढे पावतीवर विचित्र चिन्हं छापून बसतात. चुकल्यावर परत फॉर्म दाखवतो तेव्हा जुना मजकूर व्हॅल्यूमधे छापतो ना, तिथे पण एचटीएमएल-स्पेशल-चार्स लावायचंच, ती जागा लोक हमखास विसरतात.

साइट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी एकदा बसून प्रत्येक फील्डला हे टाकून बघा: काहीच नाही, एक स्पेस, शून्य, उणे एक, देवनागरी पन्नास, स्वल्पविरामवाले बाराशे, इन्स्पेक्टमधे नावापुढे चौकोनी कंस, ड्रॉपडाउनमधे नसलेला तालुका, ३१ फेब्रुवारी, आणि मोबाईलने काढलेले सातबाऱ्याचे तीन फोटो एकदम. प्रत्येक वेळी पानावर जे वाक्य येतं ते मोठ्याने वाचा, आणि ते वाचून समोरच्या शेतकऱ्याला पुढे नेमकं काय करायचं ते कळत नसेल तर त्या फील्डची इफ परत उघडा.